दिसतंय तेवढाच रस्ता

दाट धुक्यातून साठच्या वेगाने जाणारा माणूस नेमकं काय मानत असतो?

विचारलं तर तो म्हणेल, ‘मानत-बिनत काही नाही, गाडी चालवतोय.’ पण त्याला पन्नास मीटरपुढचं दिसत नाही आणि त्याची गाडी पन्नास मीटरमध्ये थांबत नाही. म्हणजे मधला जो न दिसणारा तुकडा उरतो, तो रिकामाच आहे असं त्याने धरून चाललेलं असतं. हे तो तोंडाने म्हणालेला नसतो, कदाचित मनातही म्हणालेला नसतो. त्याच्या उजव्या मनगटाने मात्र ते म्हटलेलं असतं.

मला हा प्रश्न या हिवाळ्यात पडला. ऑक्टोबरमध्ये माझं गिअरच्या गाडीचं लायसन्स आलं, दिवाळीत दीडशे सीसीची नवी बाईक आली, आणि नोव्हेंबरपासून मी जयसिंगपूरजवळच्या आमच्या गावातून शिरोली एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला जायला लागले. सातला आत असावं लागतं. एसटीची वेळ जुळत नाही, म्हणून बाईक. त्यामुळे माझं शिकणं आणि कोल्हापूर-सांगली पट्ट्यातला हिवाळा हे दोन्ही एकाच वेळी सुरू झालं. इकडे पंचगंगा, तिकडे कृष्णा, मध्ये पाण्याने भिजलेला ऊस. थंडी वाढली की पहाटे या सगळ्यावर धुकं बसतं आणि सूर्य वर आल्याशिवाय हलत नाही.

थंडीतली बाईक ही उन्हाळ्यातल्या बाईकपेक्षा वेगळी वस्तू आहे. हवा दहा अंश असताना साठच्या वेगाने गेलं तर अंगाला ती पाच अंशांसारखी लागते. वीस मिनिटांत बोटं बधिर होतात, आणि नेमक्या त्याच बोटांनी क्लच आणि पुढचा ब्रेक दाबायचा असतो. श्वासाने व्हायझर आतून धुरकट होतं, दवाने बाहेरून. टायर गार असेपर्यंत रस्ता नीट धरत नाही, आणि नवा टायर तर सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर तसाही गुळगुळीतच असतो. हाय बीम लावला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. रस्त्यावर दव, ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल, गळून पडलेला ऊस. आरटीओच्या मैदानात आठाचा आकडा काढताना यातलं काहीच नव्हतं. तिथे सकाळचे अकरा वाजले होते आणि ऊन होतं.

याबद्दल माझी तक्रार नाही. लायसन्स म्हणजे शिकायला सुरुवात करण्याची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा असतो. खरं शिकणं रस्त्यावर होतं, आणि रस्त्यावर इतर माणसं असतात.

मामाच्या दोन गोष्टी

मला गाडी मामाने शिकवली. त्याच्या दोन गोष्टी मी रोज ऐकायचे. पहिली, ‘घाबरायचं न्हाई. गाडीवर भरोसा ठेव, गाडी पडत नसती, माणूस पाडतो.’ दुसरी, ‘रस्त्यावर कुणाचा भरोसा धरायचा न्हाई. आपल्या डोळ्यानं बघितल्याबिगर काय खरं मानायचं न्हाई.’

दोन्ही तो त्याच सुरात, कधीकधी एकाच वाक्यात सांगायचा. विचार केला तर दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. भरोसा ठेवायचा की ठेवायचा नाही? मामाला विचारलं तर तो हसला. त्याच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

पण नेमका याच प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात दोन विचारवंतांचा वाद झालेला आहे. पुराव्याशिवाय एखादी गोष्ट मानणं नैतिकदृष्ट्या चूक आहे का? एक इंग्लंडचा गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड. दुसरा अमेरिकेचा मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स. क्लिफर्डचा ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ हा निबंध १८७७ साली प्रसिद्ध झाला. पुढे दोन वर्षांत, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, तो वारला. जेम्सने त्याला उत्तर दिलं ते १८९६ साली, ‘द विल टू बिलीव्ह’ या व्याख्यानात. तोवर क्लिफर्ड जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून हा वाद समोरासमोर कधी झालाच नाही. मला वाटतं, तो बाईकवर नीट कळतो.

जहाजाचा मालक

क्लिफर्ड एका जहाजमालकाची गोष्ट सांगतो. जहाज जुनं आहे, अनेकदा दुरुस्त केलेलं आहे. त्यातून गरीब कुटुंबं नव्या देशात पोट भरायला निघाली आहेत. जहाज हा प्रवास झेपेल का, अशी शंका मालकाच्या मनात येते. तपासणी आणि दुरुस्ती करायची तर खर्च आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो. इतक्या फेऱ्या झाल्या, इतकी वादळं झाली, काही झालं का? देव या गोरगरिबांना वाऱ्यावर सोडेल का? हळूहळू त्याला मनापासून पटतं की जहाज ठणठणीत आहे. ते बंदरातून निघतं तेव्हा त्याचं मन अगदी हलकं असतं. जहाज बुडतं. तो विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस दोषी आहे. तो खोटं बोलत नव्हता, त्याचा विश्वास अगदी प्रामाणिक होता, तरी दोषी आहे. कारण हातात असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला हक्क नव्हता. आणि पुढे क्लिफर्ड जे म्हणतो ते जास्त झोंबणारं आहे: जहाज सुखरूप पोचलं असतं तरी मालकाचा दोष तसूभरही कमी झाला नसता. फक्त तो कुणाला कळला नसता.

आता हे जहाज बाजूला ठेवू आणि डिसेंबरच्या पहाटेकडे येऊ.

आमच्याकडे कारखान्यांचा सीझन साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे धुक्याचे दिवस आणि ऊसवाहतुकीचे दिवस एकच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू असतात. ट्रॉलीच्या मागे ऊस इतका बाहेर आलेला असतो की रिफ्लेक्टर असला तरी झाकून जातो. कधीकधी ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याच्यावरचं गाणं ऐकू येतं, आणि हेल्मेटच्या आत तो माझ्यासाठी मोठा आधार असतो. बैलगाडीला मात्र गाणंही नसतं आणि टेललाइटही नसतो. त्या गाडीवर बहुतेक वेळा बीडकडून किंवा मराठवाड्याच्या दुसऱ्या भागातून आलेलं ऊसतोड कुटुंब असतं. नवरा-बायकोची जोडी, जिला हिशेबात एक ‘कोयता’ म्हणतात. कधी वर उसावर गोधडीत गुंडाळलेलं लेकरू असतं. पोटासाठी घर सोडून निघालेली माणसं, क्लिफर्डच्या जहाजात होती तशीच.

म्हणून ‘माझा जीव, माझी मर्जी’ हे वाक्य मला धुक्यात लागू पडत नाही. मी पन्नास मीटरपुढचा रस्ता रिकामा मानते तेव्हा मी फक्त माझ्याविषयी काही मानत नसते. त्या रस्त्यावर कुणी नाही, असं मी मानत असते. म्हणजे जे कुणी तिथे असेल, त्याला मी मनातल्या मनात पुसून टाकलेलं असतं.

‘त्यांनी रिफ्लेक्टर लावायला नको का?’ असं कुणी म्हणेल. लावायलाच हवा. ट्रॉलीमालकाने लावावा, कारखान्याने तपासावा, पोलिसांनी विचारावं. पण त्यांची जबाबदारी मोठी झाल्याने माझी लहान होत नाही. जबाबदारी ही भाकरी नाही, की दुसऱ्याने अर्धी घेतली तर आपल्या वाट्याला अर्धीच उरेल.

हिशेब

मी माझ्यापुरता एक हिशेब केलेला आहे. समोर काही दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला आणि ओल्या रस्त्यावर नवशिक्याने दाबावा तसा जपून ब्रेक दाबला, तर चाळीसच्या वेगाला थांबायला साधारण तीस मीटर लागतात. साठला पन्नासच्या वर. ऐंशीला ऐंशीच्या वर. वेग दुप्पट झाला की नुसत्या ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे आपण शाळेत शिकलेलं असतो. गाडीला एबीएस आहे. त्याने चाक लॉक होत नाही, पण धुक्यात आणखी दहा मीटर दिसायला लागत नाहीत.

हवामान खात्याच्या भाषेत पन्नास ते दोनशे मीटर दिसत असेल तर ते दाट धुकं, पन्नासच्याही आत आलं तर अतिदाट. रस्त्यावर ते मोजायची माझी पट्टी म्हणजे विजेचे खांब. पुढचा खांब दिसतो पण त्याच्या पुढचा दिसत नाही, अशी पहाट असली की मी चाळीसच्या खाली येते. पुढचाही धड दिसत नसेल तर गावातून निघतच नाही, चौकातल्या टपरीवर चहा घेत थांबते. लेट मार्क लागतो. तीन लेट मार्कांचा अर्धा दिवस कापला जातो.

आणि इथेच मला जहाजमालक खऱ्या अर्थाने कळला. त्याच्या मनात जहाजाविषयीचा विश्वास कुठून आला? जहाज बघून नाही, तर खर्चाचा आकडा बघून. रस्ता रिकामा आहे हा विश्वास मनात कधी जोर धरतो, ते मी स्वतःत बघितलं आहे. धुकं विरळ होतं तेव्हा नाही, तर घड्याळात साडेसहा होऊन जातात तेव्हा. धुकं तेवढंच असतं, बदललेली असते ती माझी घाई. पण घाई कधीच ‘मी घाई आहे’ असं सांगत येत नाही. ‘आज तसं बरं दिसतंय’ असं म्हणत येते.

मला वाटतं, हे फक्त बाईकचं नाही. आपल्या सोयीची गोष्ट आपल्याला खरी वाटायला फार कमी पुरावा पुरतो आणि गैरसोयीची गोष्ट खरी वाटायला ढीगभर लागतो. म्हणून एखादी गोष्ट फार पटकन पटली, तर ती पटल्याने माझं काय वाचतंय, हे आधी विचारावं.

दुसरा फसवा साक्षीदार म्हणजे ‘आजवर काही झालं नाही’. धुक्यात सत्तरने जाऊन सुखरूप पोचलेला माणूस प्रत्येक दिवशी एक पुरावा गोळा करत असतो, असं त्याला वाटतं. खरं तर त्या दिवशी रस्त्यावर बैलगाडी नव्हती, एवढंच सिद्ध झालेलं असतं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्यांतल्याही बहुतेकांच्या खात्यावर ‘आजवर काही झालं नाही’ असे पुष्कळ दिवस जमा असणार.

माझ्या आईने नव्या गाडीची पूजा केली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. तरी रोज ‘पोचलीस की फोन कर’ म्हणतेच. देवावर विश्वास आहे म्हणून फोन नको, असं ती कधी म्हणालेली नाही. जहाजमालकापेक्षा तिचा देव जास्त प्रामाणिक आहे, असं मला वाटतं. ती त्याच्याकडे काळजी सोपवते, पण तपासणी स्वतःकडे ठेवते.

वळण

इथपर्यंत क्लिफर्ड बरोबर आहे, मामाची दुसरी गोष्ट बरोबर आहे, आणि लेख इथेच संपवता आला असता. पण सुट्टीच्या दिवशी ऊन आल्यावर मी पन्हाळ्याच्या घाटात गाडी घेऊन जाते, आणि तिथे क्लिफर्डचं काही चालत नाही.

वळणावर बाईक वाकवावी लागते. नवशिक्याच्या शरीराला हे अजिबात पटत नाही. डावीकडे वळायचं तर डावी मूठ पुढे ढकलायची, हे ऐकायलाही उलटं वाटतं, पण वेगात गाडी तशीच वळते. आणि नजर वळणाच्या टोकाकडे ठेवायची. दरीकडे बघितलं की गाडी दरीकडे जायला लागते. मामा म्हणायचा, ‘जिकडं बघशील तिकडं गाडी जाती बघ.’ वळण घेता येईल याचा पुरावा मागत बसलं तर हात आखडतात, गाडी सरळ उभी राहते आणि वळण खरोखरच हातातून जातं. ‘मला जमणार नाही’ ही शंका स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करते.

जेम्सच्या लेखनात एक गिर्यारोहक येतो. डोंगरात तो अशा जागी अडकला आहे की उडी मारल्याशिवाय सुटका नाही, आणि तशी उडी त्याने आधी कधी मारलेली नाही. जमेल असं मानलं तर पाय घट्ट पडतात आणि जमतं. नाही मानलं तर पाय लटपटतात आणि तो पडतो. जेम्सचं म्हणणं असं, की काही सत्यं अशी असतात जी आपण आधी मानल्याशिवाय घडतच नाहीत. तिथे पुरावा आधी मागणं हा शहाणपणा नसतो.

हे मला मनापासून पटतं, त्याला एक कारण आहे. गिअरची गाडी घेणार म्हटल्यावर गल्लीत दहा जणांनी सांगितलं, ‘मुलींना जड गाडी आवरत नाही, स्कूटी घे.’ ते सगळे काळजीने बोलत होते. पण ते वाक्य वळणावर माझ्यासोबत यायचं आणि माझे हात आखडवायचं. दुसऱ्यांचा अविश्वासही स्वतःला खरं करतो. कित्येक मुलींना गाडी ‘आवरत नाही’ ती अशी.

मग मामाची पहिली गोष्टही बरोबर. दोन्ही बरोबर कशा?

मला सापडलेलं उत्तर साधं आहे. वळण माझं ऐकतं, बैलगाडी ऐकत नाही. मला जमेल असं मानल्याने माझे हात बदलतात, आणि हात बदलल्याने वळण जमतं. पण रस्ता रिकामा आहे असं मी कितीही घट्ट मानलं, तरी धुक्यातली बैलगाडी त्याने एक इंचही बाजूला होत नाही. पहिला विश्वास माझ्याविषयी आहे आणि तो मला घडवतो. दुसरा जगाविषयी आहे, आणि जगाला माझ्या विश्वासाची खबरही नसते.

त्यातही जेम्सने सगळ्यांना मोकळं रान दिलेलं नाही. निवड टाळताच येत नाही, ती मोठ्या गोष्टीची आहे आणि पुराव्याने सुटणारी नाही, अशाच ठिकाणी त्याने हा हक्क दिला. त्या व्याख्यानाच्या शेवटी तो फिट्झजेम्स स्टीफन या लेखकाचा एक उतारा देतो. त्यात बर्फ आणि धुक्याने वेढलेली माणसं डोंगरखिंडीत उभी आहेत. थांबलं तर गारठून मरण, चाललं तर वाट चुकण्याची भीती. अशा वेळी धीर धरून पाऊल टाकावं, असं तो सुचवतो. पण शिरोलीच्या रस्त्यावर थांबल्याने कुणी गारठून मरत नाही. फार तर लेट मार्क लागतो. इथे पुराव्याची वाट बघता येते, आणि ती बघण्यासाठी प्रत्येक गाडीला एक साधन बसवलेलं असतं. त्याला ब्रेक म्हणतात.

धोका होतो तो हे दोन विश्वास एकमेकांत मिसळल्यावर. आणि नवशिक्याला हे फार सहज होतं. रविवारी घाटात दहा वळणं छान घेतली की अंगात एक ऊब येते. ती ऊब खरी असते, कष्टाने मिळवलेली असते. पण सोमवारी पहाटे तीच ऊब धुक्यात म्हणायला लागते, ‘आता आपल्याला येतं.’ काय येतं? वळण घेता येतं. धुक्याच्या पलीकडचं बघता येत नाही. ते वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यालाही येत नाही. ‘आत्मविश्वास ठेव’ हा सल्ला आपल्या पिढीला परीक्षेपासून इंटरव्ह्यूपर्यंत सगळीकडे मिळतो. तो कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

पुढचा लाल दिवा

धुक्यात सगळे एक युक्ती करतात. पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरायचा आणि मागे मागे जायचं. त्याला दिसतंय म्हणजे आपल्यालाही दिसल्यासारखंच. हा उसना विश्वास आहे, आणि तो वाईटच असतो असं नाही. आपण जे काही मानतो त्यातलं बहुतेक असंच दुसऱ्याच्या दिव्यामागून आलेलं असतं. पण ट्रकवाल्यालाही कदाचित त्याच्या पुढचा दिवाच दिसत असेल. दहा गाड्या एकामागे एक, आणि प्रत्येकाला वाटतं की पुढच्याला रस्ता दिसतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बातमी पुढे ढकलताना आपण याच रांगेत असतो. म्हणून मी दिवा धरते, पण अंतर ठेवून. तो अचानक थांबला तर मला थांबता यावं, इतकं.

क्लिफर्डचं एक म्हणणं मला सुरुवातीला जरा अतीच वाटलं होतं. तो म्हणतो, कुणाचाही विश्वास ही त्याची खासगी गोष्ट नसते, कारण आपण काय मानतो आणि कसं मानतो, त्यावरच पुढच्यांचं मानणं उभं राहतं. मनातली गोष्ट खासगी नाही, तर मग काय खासगी?

गेल्या महिन्यात हातकणंगल्याच्या अलीकडे धुकं अचानक दाटलं. मी चाळीसवरून तीसवर आले. मागून हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. आरशात एक स्कूटर होती. चालवणाऱ्याने कानटोपी घातलेली, मागे शाळेचा गणवेश घातलेलं पोरगं. दोन-तीनदा हॉर्न देऊन तो थांबला आणि माझ्या मागेच राहिला. त्याला ओव्हरटेक करता आलं असतं, पण त्याने केलं नाही. पुढे जवळजवळ चार किलोमीटर तो माझ्या लाल दिव्याच्या मागे, तीसच्याच वेगाने आला. नवं लायसन्स, नवी बाईक, दोन महिन्यांचा अनुभव, यातलं काही त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. त्याच्यासाठी मी फक्त पुढचा दिवा होते. मी जे दिसतंय म्हणत होते, ते त्याने आणि त्या पोराने दिसतंय असं धरलं होतं.

त्या चार किलोमीटरमध्ये मी एकदाही घड्याळ बघितलं नाही.